संपावरच्या मिलचा संघ

मुंबईला जाऊन आलेला माणूस समुद्राबद्दल सांगतो, राणीच्या बागेबद्दल सांगतो. मी आठ-दहा दिवस राहून आले आणि समुद्र पाहिला तो एकदाच, तोही लांबून, गोदामांच्या मागं, तेलाच्या टाक्यांच्या फटीतून. त्यामुळं ज्यांना मुंबईची शोभा वाचायची असेल त्यांनी इथंच थांबावं. मी गेले होते कबड्डीचा एक नियम विचारायला.

त्याचं असं झालं. विद्यापीठात एलएल.एम.च्या प्रबंधासाठी मी विषय मागितला, खेळ आणि कायदा. आमच्या गाईडसरांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "असा विषय असतो का कुठं? कामगार कायदा घे, करार घे. खेळाला कसला आलाय कायदा?" मी हट्टाला पेटले. कोल्हापुरात तालमीच्या शेजारी वाढलेल्या पोरीला खेळात भांडणं नसतात म्हणून कोण सांगणार? शेवटी सर कंटाळून म्हणाले, "एक खरा प्रश्न शोधून आण. पुस्तकातला नको. मग बघू."

खरा प्रश्न आमच्या घरातच होता. माझा धाकटा मामा, दत्तामामा, मुंबईत एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला आणि मिलच्या कबड्डी संघात चढाईला. मिलचं नाव इथं देत नाही. संपाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गावाकडं परतलेल्या एका कामगाराबरोबर मामाचा निरोप आला, "शैलीला म्हणावं वकील होणार ना? मग ये. एक भानगड झालीय."

डिलाईल रोड

मामी खानावळ चालवायची. एका गाळ्यात राहणारी आमच्याच भागातली माणसं दोन वेळा तिच्याकडं जेवायची. आता सगळे गावी गेलेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंका तेवढ्या कुलपं लावून भिंतीला उभ्या रचलेल्या. मला झोपायला ट्रंकांच्या पुढची जागा मिळाली. मामी म्हणाली, "घे, एरवी इथं पाय ठेवायला मिळाला नसता तुला." ती हसली, पण मोठं पातेलं तिनं उलटं करून माळ्यावर टाकलं होतं, ते मला दिसलं.

जेवायला भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या घरी सुकट शिजली की शेजारी दार लावून घेतात. इथं वास आला तशी शेजारची सावंतीण येऊन म्हणाली, "खोबरा घातलंस की नाय?" आणि स्वतःच्या घरातून वाटीभर आणून ओतून गेली. मला सुकट आवडली. हे मी कोल्हापुरात कबूल केलेलं नाही.

जेवण झाल्यावर मामानं भानगड सांगितली. परळच्या मैदानावर औद्योगिक गटाचे आणि मंडळांचेही सामने होते. तिथं एका बँकेचे लोक खेळाडू निवडायला येणार होते. बँकेत खेळाडूंची भरती व्हायची, पण वयाची अट होती. पुढच्या वर्षी मामा त्या अटीत बसत नव्हता. म्हणजे यंदाच, नाहीतर कधीच नाही. आणि यंदा त्याची मिल संपावर.

"मग मंडळाकडून खेळ की," मी म्हटलं. "तुमच्या या गल्लीतच दोन मंडळं आहेत."

"मंडळ घेतंय ना, हात जोडून घेतंय. पण मी मिलचा खेळाडू म्हणून नोंदलेला. मी आधी सांगायचं, की मिल सोडली, आता माझा मिलशी संबंध नाही. मग मंडळ घेणार."

"मग सांग."

मामानं माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या उचलून उगाच प्याले.

"शैले, वर्षभर आम्ही रस्त्यावर बसलोय ते काय म्हणून? मिलचे कामगार म्हणून. मिल म्हणते, तुम्ही आमचे कोण? आम्ही म्हणतो, आम्ही तुमचेच, आत घ्या. आणि आता कबड्डीसाठी मीच जाऊन सांगू, मी मिलचा नाही?"

मामी भांडी घासत होती, ती न वळता म्हणाली, "सांगितलं तर काय होतंय? खरं तर तेच आहे." मला मात्र सरांनी मागितलेला प्रश्न मिळाला होता. संपावरचा खेळाडू कुणाचा? कायद्याच्या विद्यार्थ्याला असं काही सापडलं की आनंद होतो. तो आनंद त्या खोलीत दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून मी अंथरूण घातलं.

कॉटन ग्रीन

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कबड्डी संघटनेच्या चिटणिसांना भेटायला गेले. हे गृहस्थ कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात देखरेखीला होते आणि उरलेल्या वेळात कबड्डीचा कारभार बघायचे. गोदाम म्हणजे केवढं! आमची अख्खी तालीम, आखाड्यासकट, एका कोपऱ्यात मावली असती. गाठी छतापर्यंत रचलेल्या. मिल बंद, तर कापूस घेणार कोण? गाठींवर मांजरं झोपली होती.

चिटणीस बोलता बोलता गाठीतून चिमूटभर कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांनी ओढून धागा किती लांब निघतो ते बघायचे आणि टाकून द्यायचे. बघायला गिऱ्हाईक नव्हतं, तरी हात चालूच होते.

"मिलचं नाव यंदाही यादीत आहे," ते म्हणाले. "नाव काढा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी काढलं नाही."

मी कान टवकारले. "म्हणजे मिलचा संघ खेळू शकतो?"

"संघ आहे कुठं?"

"सातही जण मस्टरवर आहेत. कुणाला काढल्याची नोटीस नाही. संपावर असलेला कामगार हा कामगारच असतो, काका. काम थांबलेलं असतं, नातं थांबलेलं नसतं."

ते हसले. "तू बोलतेस छान. पण मला दोन गोष्टी लागतात. संघाबरोबर मिलचा व्यवस्थापक मैदानावर हजर पाहिजे आणि अंगावर मिलचा पोशाख पाहिजे. एवढं आण, मग कोण संपावर आणि कोण कामावर हे मी विचारणार नाही. तो माझा प्रांत नाही."

पोशाख मिलच्या आत, वेल्फेअर ऑफिसच्या कपाटात. गेटवर पोलीस. आणि व्यवस्थापक म्हणजे तळपदेसाहेब, मिलच्या ऑफिसातले हेडक्लार्क. ऑफिसचे लोक संपात नव्हते. त्यांना सक्त ताकीद होती, संपवाल्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. परत जाताना मला तो मघाशी सांगितलेला समुद्र दिसला. दोन मिनिटं थांबले आणि निघाले.

फणसवाडी

तळपदे पाठारे प्रभूंपैकी. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचे. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर घर, शिसवी कपाट, त्यात कबड्डीच्या ढाली. मामा खालीच थांबला. "मी वर आलो तर साहेब अडचणीत येतील," म्हणाला. मला हे भलतंच वाटलं. खालून वर जाणाऱ्या बाईला कुणी विचारणार नाही आणि खाली उभ्या असलेल्या मामाला मात्र अख्खी वाडी ओळखणार, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमच्याकडं पाहुणा आला की आधी चहा आणि मग काम. इथं आधी काम विचारलं आणि मग माईंनी, म्हणजे तळपद्यांच्या बायकोनं, कोळंबीचं भानोलं पुढं ठेवलं. कोबीत कोळंबी घालून केकसारखं भाजलेलं. मी आयुष्यात असलं काही खाल्लं नव्हतं. वाद घालायला आलेल्या माणसाला असलं खायला घालू नये, धार जाते.

तरी मी घातला. म्हटलं, "साहेब, तुम्हाला हंगामाच्या सुरुवातीला व्यवस्थापक नेमलंय. नंतर कुणी काढलंय का?"

"नाही."

"मग तुम्ही व्यवस्थापक आहातच. हजर राहायला कुणाची परवानगी कशाला?"

तळपदे शांतपणे म्हणाले, "मुली, तुझा युक्तिवाद बिनतोड आहे. याच बिनतोड युक्तिवादानं माझी नोकरी जाईल, आणि तेव्हा तू कोल्हापुरात असशील."

भानोलं अर्धं खाल्लेलं, टाकवेना. माई म्हणाल्या, "दत्ता खाली उभा आहे ना? खिडकीतून दिसतोय. वर का नाही आला?"

मी कारण सांगितलं. तळपदे उठून खिडकीशी गेले. त्यांनीच मामाला गावच्या सामन्यात बघून मिलमध्ये आणलं होतं. बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग वळून म्हणाले, "येईन असं सांगत नाही." माईंनी उरलेलं भानोलं कागदात बांधून दिलं. "त्याला द्या. सकाळपासून उपाशी असेल. चढाईवाल्यांना उपाशी राहायची फार हौस."

पुन्हा डिलाईल रोड

पोशाखाचं बघायचं होतं. मिलचा रंग निळा. शेजारचे सावंत मिलच्या रंगखात्यात होते आणि संघात पकडीला. त्यांनी लालबागच्या बाजारातून रंगाच्या पुड्या आणल्या. मामीचं ते उलटं पडलेलं मोठं पातेलं माळ्यावरून खाली आलं. सात पांढरे बनियन त्यात शिजायला घातले. चाळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. एक म्हणाली, "काय गं, वांगी का?" मामी म्हणाली, "हो, ये जेवायला."

सावंत काठीनं ढवळत सारखे मान हलवत होते. "ह्यो रंग जातलो. मिलमध्ये आमी वाफेवर चढवतो तेव्हा पक्को होता. स्टोव्हवर काय होतला? घाम इलो की उतरलो."

"एक सामना टिकेल का?" मामानं विचारलं.

"अर्धो."

पण दुसरा इलाज नव्हता. गॅलरीत दोरीवर सात निळे बनियन वाळत पडले आणि खालून जाणारा-येणारा मान वर करून बघायला लागला. एक म्हातारा मिलकामगार तर रस्त्यात थांबला आणि ओरडला, "अरे, मिल चालू झाली काय?" कुणीतरी नाही म्हटलं, तसा गेला.

परळ

सामना संध्याकाळचा. समोर संघ कुणाचा, तर त्याच बँकेचा. त्यांचे निवड करणारे साहेब, गळ्यात टॉवेल घातलेले एक जाडजूड गृहस्थ, रेषेपाशी खुर्ची टाकून बसलेले. गर्दी मरणाची. काम नसलेलं सगळं गिरणगाव तिथं लोटलं होतं.

आमचे सात निळे तयार. व्यवस्थापकाची खुर्ची रिकामी. चिटणीस घड्याळ बघायला लागले. मामा गुडघ्याला पट्टी बांधत होता, एकच पट्टी पुन्हा सोडून पुन्हा बांधत होता. पंचांनी शिट्टी तोंडात धरली आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वाट द्या, वाट द्या!" तळपदे आले. पांढरी पँट, इस्त्रीचा शर्ट, आणि मागं माई. ते खुर्चीवर बसले आणि चिटणिसांना म्हणाले, "आमचा संघ तयार आहे." बस, एवढंच. मला मात्र रडू आलं. मी लपवलं नाही, कशाला लपवायचं?

सावंतांचं भाकीत खरं ठरलं. अर्धा सामनाही गेला नसेल, आमच्या खेळाडूंचे दंड निळे, मनगटं निळी, बोटं निळी. मामा ज्याला हात लावून येई त्याच्या अंगावर पाच बोटं उमटायची. लोक हसून लोळत होते. बँकेच्या कप्तानानं हरकत घेतली, "अंगाला काही फासून खेळायचं नाही, नियम आहे."

मैदानावर बोलायचा हक्क फक्त व्यवस्थापकाला. मी मागून तळपद्यांच्या कानाशी लागले. "साहेब, तो नियम तेलाबिलाचा. पकड सुटावी म्हणून कुणी काही फासलेलं नाही. कपड्याचा रंग गेलाय. कपड्याचा रंग पक्का असावा असा नियम दाखवा म्हणावं." तळपद्यांनी ते उभं राहून माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या भाषेत सांगितलं. पंच बाजूला जाऊन बोलले आणि निर्णय दिला, खेळा, पण प्रत्येक चढाईआधी हात पुसा. मामीचा टॉवेल त्या कामाला लागला. दहा चढायांत टॉवेलही मिलच्या रंगाचा झाला.

आता शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं मागं. मामा गेला. त्यानं डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या घोट्याकडं सूर मारला, दोघं अंगावर झेपावले, त्यांच्या हाती न लागता तो खालून सरपटत मध्यरेषेवर आला. मैदान उसळलं. पण त्या बाजूच्या पंचापुढं नेमकी दुसऱ्या खेळाडूची पाठ आली होती. पंचांनी हात हलवला. स्पर्श नाही. शिट्टी झाली. हरलो.

बँकेचा तो गडी खाली बसून घोट्यावरची पट्टी सारायला लागला आणि तसाच थांबला. घोट्याच्या वर चार बोटं निळी, ओली. त्याच्या त्या पायाला त्याआधी अख्ख्या सामन्यात आमच्या कुणाचाच हात लागलेला नव्हता. त्यानं बघितलं, कप्तानानं बघितलं, चिटणिसांनी चष्मा लावून बघितलं. लोक बोंबलत होते, "निळा बघ! निळा बघ!" पंचांचा चेहरा उतरला. पण शिट्टी झाली होती.

मी पुढं सरसावले आणि तोंड उघडलं. आणि मिटलं. मैदानावर पंचांनी दिलेला निर्णय मैदानाबाहेर कुणी उघडायचा नाही, नाहीतर कुठलाच खेळ संपणार नाही, हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी झोकात लिहून ठेवलं होतं. लिहिताना मला ते फार पटलं होतं. पटतं अजूनही. पण त्या दिवशी मामा मध्यरेषेवर पालथा पडून होता आणि त्याची मूठ मातीत होती. त्या वाक्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

बँकेचे ते साहेब खुर्चीतून उठले. गुडघ्यावर बसून त्यांनी त्या घोट्यावरच्या डागांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली. मग मामाकडं आले. "हंगामाच्या मध्येच घेतो तुला. पण तू मिलचा. तुझ्या संघानं सोडल्याचं मला कोण सांगणार?"

मामा म्हणाला, "साहेब, मी मिल सोडलेली नाही." नोकरी समोर उभी होती आणि हा शहाणा तेच धरून बसला होता. मामीनं डोळे मिटून घेतले.

तळपदे खुर्चीतून उठले. चिटणिसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिलच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून सांगतो. आमच्या मिलनं याला सोडलं." आणि मामाला हळूच, "तू नाही सोडलीस, दत्ता. मिलनं तुला सोडलं. फरक आहे, विचार तुझ्या भाचीला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आहे. फरक आहे." कायद्यानं होताच. थोड्या वेळापूर्वी याच संघटनेनं तळपद्यांना मिलचा माणूस म्हणून मानून सामना खेळवला होता. आता त्यांचा शब्द मिलचा नाही, असं कुणालाच म्हणता येणार नव्हतं. चिटणिसांनी मान डोलवली.

बाकीचे सहा जण बाजूला उभे होते. त्यांना कुणी घेणार नव्हतं. शेवटी सावंत पुढं आले. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "बनियान ठेवन जा. आमच्याकडे सातच आसत." मामानं तिथंच बनियन काढून दिला. दिव्यात तो जवळजवळ पांढरा दिसत होता.

परतीचा दिवस

निघायच्या सकाळी मामा नळावर हात घासत बसला होता. साबण झाला, राख झाली, नारळाची शेंडी झाली. बँकेत साहेबांना भेटायचं होतं आणि बोटांची पेरं, नखांच्या कडा निळ्याच. सावंत शेजारी बादली भरत होते. म्हणाले, "उगाच घासू नको. बनियनावर धरलो नाय, पण नखात गेलेलो रंग नखाबरोबर वाढानच जातलो."

मामानं घासणं थांबवलं. मामी मला एसटीवर सोडायला आली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं सरळ दिसत होतं. वाटेत तिनं मला वेणी घेऊन दिली आणि सगळा रस्ता बडबड करत राहिली.

सरांनी विषय मान्य केला. प्रकरणं लिहून झाली. बँकेनं मामाला घेतलं. तळपद्यांकडं मिलनं खुलासा मागितला आणि त्यांना दुसऱ्या खात्यात बसवलं, असं मामीकडून कळलं. सावंत आणि मंडळी अजून गेटवर बसतात.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मामा आला. अंगावर नवा सफारी, पायांत बूट. आईनं त्याची दृष्ट काढली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी संपाचं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. फक्त माझी नजर त्याच्या नखांकडं गेली. स्वच्छ होती. मी काय बघतेय हे त्याला कळलं. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.